एचडी टीव्हीला स्वस्तातला अपस्केलिंग डीव्हीडी प्लेयर लावलाय, तरी चित्र धुरकट नाहीतर सारखं 'नो सिग्नल': दुसरा प्लेयर घ्यायच्या आधी हे करून बघा

जुना ट्यूबवाला टीव्ही गेला, भिंतीवर नवीन एचडी आला, आणि मग कपाटातल्या डीव्हीड्या काढून लावल्या तर चित्र असं दिसतं की जुनाच बरा होता. मग कोणीतरी सांगतं अपस्केलिंगवाला (डीव्हीडीचं कमी पिक्सेलचं चित्र मोठ्या पडद्याएवढं करून देणारा) प्लेयर घे, म्हणून आपल्या गोव्यात म्हापशाच्या नाहीतर मडगावच्या दुकानातून एक स्वस्तातला आणतात, थोडे दिवस बरं चालतं, मग पाऊस लागतो, करंट जातो-येतो, आणि एक दिवस टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. प्लेयर बाद झाला म्हणून दुसरा आणतात. पुढच्या पावसात परत तेच. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली, घरात माणसं जमणार, भावाच्या लग्नाची नाहीतर जत्रेतल्या नाटकाची डिस्क लावायची आहे, की मावशीचा फोन ठरलेला, "अरे बाबा, परत काळा झालाय बघ."

तर आधी हे ठरवा की तुमचं दुखणं कुठलं. चित्र येतच नाही, येऊन जातं, मधेच पांढरे ठिपके चमकतात, हे एक. चित्र येतं पण धुरकट, कडा दातेरी, माणसं चपटी, हे दुसरं. पहिलं बहुतेक वेळा जोडणीचं असतं, दुसरं सेटिंगचं नाहीतर डिस्कचंच, आणि प्लेयर बदलून खरोखर फरक पडेल अशी वेळ फार कमी येते. लोक दोन्ही एकत्र करतात आणि दुकानदाराला तर काय, नवीन डबा विकायचाच असतो.

करंट जाऊन आल्यावर 'नो सिग्नल'

एचडीएमआय म्हणजे नुसती चित्र नेणारी वायर नव्हे. प्लेयर चालू झाला की तो त्याच वायरीतून टीव्हीला विचारतो की तू कोण, तुला कुठलं कुठलं रिझोल्यूशन चालतं, टीव्ही आपली यादी पाठवतो, मग एचडीसीपी नावाची कॉपी-संरक्षणाची तपासणी होते, आणि दोघांचं जमलं तरच चित्र सुटतं. एरवी हे दोन-चार सेकंदांत होऊन जातं, आपल्याला कळतही नाही. पण करंट गेला आणि परत आला की स्वस्तातले बरेच प्लेयर आपोआप चालू होतात, कारण त्यांचं पॉवरचं बटण आत दाबलेलंच राहिलेलं असतं, आणि टीव्ही मात्र स्टँडबायला जाऊन बसतो. प्लेयर विचारतोय आणि समोर उत्तर द्यायला कोणी नाही. मग तुम्ही अर्ध्या तासाने टीव्ही लावता, तोवर प्लेयर कुठल्यातरी भलत्याच रिझोल्यूशनवर नाहीतर आऊटपुट बंद करून अडकलेला असतो, आणि स्क्रीनवर 'नो सिग्नल'.

उपाय साधा आहे पण क्रम सोडायचा नाही. प्लेयर भिंतीच्या बटणावर बंद करा, रिमोटवर नव्हे, आणि अर्धा मिनिट तसाच ठेवा. टीव्ही लावा, सोर्समध्ये जाऊन ज्या एचडीएमआयला वायर आहे तो इनपुट निवडा, टीव्ही नीट उघडू द्या, आणि मगच प्लेयर चालू करा. ज्यांच्याकडे हे वरचेवर होतं त्यांनी प्लेयर टीव्हीच्या बोर्डावरून काढून वेगळ्या स्विचवर घ्यावा, वापर झाला की स्विच बंद, म्हणजे करंट आला तरी तो झोपूनच राहील. मावशीकडे हेच केलंय आणि त्यानंतर निदान या कारणासाठी फोन आलेला नाही (बाकी कारणं असतातच).

एवढं करूनही काळंच राहिलं तर प्लेयरच्या रिमोटवर 'एचडीएमआय' नाहीतर 'रिझोल्यूशन' असं बटण शोधा. ते दाबत गेलं की प्लेयर ४८०पी, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, १०८०पी असा फिरतो (आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी; 'पी' म्हणजे सगळ्या एकदम, 'आय' म्हणजे एकआड एक). बटण एकदा दाबायचं आणि पाच-सहा सेकंद गप्प राहायचं, परत एकदा दाबायचं आणि परत थांबायचं. लोक फटाफट दाबतात, टीव्हीला ओळख पटवायला वेळच मिळत नाही आणि मग म्हणतात काहीच होत नाही.

आता इथे एक छान परीक्षा होते. ५७६पी किंवा ७२०पीला चित्र व्यवस्थित येतं आणि १०८०पीला गेलं की ठिपके चमकतात, मधेच काळं होतं, असं असेल तर संशय वायरीवर नाहीतर सॉकेटवर घ्यायचा. कारण ५७६पीला त्या वायरीतून २७ मेगाहर्ट्झच्या वेगाने पिक्सेल जातात, ७२०पीला ७४.२५ आणि १०८०पीला १४८.५, म्हणजे ५७६पीच्या साडेपाच पट. डगमगणारी वायर कमी वेगाला निभावून नेते आणि जास्त वेगाला मान टाकते. वायर बदलताना महागडी सोनेरी पिनवाली घ्यायचं काही कारण नाही, सिग्नल डिजिटल आहे, एक-दीड मीटरची साधी धड वायर आणि तीन हजारांची वायर दोन्हीतून तेच आकडे पोचतात. वायर लांब ओढायची असेल, म्हणजे हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला, तेव्हा मात्र जरा बरी घ्या.

आपल्याकडे समुद्राच्या बाजूला, कळंगुट, मांद्रे, काणकोणकडच्या घरांत, अजून एक भानगड असते ती म्हणजे खारी हवा. पिनांवर बारीक गंज धरतो, डोळ्याला दिसतही नाही. सगळं बंद करून, प्लग काढून, एचडीएमआयचं टोक दोन्हीकडून चार-पाच वेळा काढघाल करा, तेवढ्यानेसुद्धा पिना घासून साफ होतात. टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसलं तर अजून चांगलं, औषधाच्या दुकानात नाहीतर मोबाईल रिपेअरवाल्याकडे मिळतं. खोबरेल नाहीतर दुसरं कसलंही तेल लावू नका, हे सांगावं लागतंय म्हणजे समजून घ्या.

'सगळं बंद करून' हे मुद्दाम लिहिलंय. बऱ्याच जुन्या घरांत अर्थिंग धड नसतं, टू-पिनवाल्या उपकरणांच्या बॉडीला हलका करंट जाणवतो, आणि चालू असताना एचडीएमआय घालायला गेलं तर तो करंट त्या नाजूक पिनांतून जाऊन पोर्ट उडू शकतो. विजांचंही तसंच. आपल्याकडे मे अखेरीला पाऊस लागायच्या आधी आणि मग ऑक्टोबरात परत जाताना गडगडाट जोरात असतो, तेव्हा नुसता प्लग काढून भागत नाही, डिशची नाहीतर केबलची वायरसुद्धा काढायची, कारण वीज तिथूनही आत येते आणि सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीपर्यंत पोचते. एका पोर्टवर काहीच येत नसेल तर प्लेयरला दोष द्यायच्या आधी एचडीएमआय २ ला लावून बघा, आणि सेट-टॉप बॉक्सची चालणारी वायर काढून प्लेयरला लावा. एवढ्या अदलाबदलीत प्लेयर, वायर की पोर्ट हे कळतंच.

आणि ज्यांच्या टीव्हीला दोनच एचडीएमआय आहेत म्हणून मधे तो तीन-तोंडी स्विचचा डबा लावलाय, त्यांनी तो डबा काढून प्लेयर थेट टीव्हीला लावून बघा. स्वस्त डब्यांतून एचडीसीपीची तपासणी अडते, हे वरचेवर दिसतं.

पिवळी वायर

आता दुसरं दुखणं, धुरकट चित्र. पण त्याच्याही आधी एक प्रश्न, आणि हसू नका: प्लेयर टीव्हीला जोडलाय कशाने? अपस्केलिंग प्लेयर आणलेल्या कितीतरी घरांत मी मागे वाकून बघितलं तर तीच जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर, कारण खोक्यात तीच येते, एचडीएमआय वेगळी घ्यावी लागते. पिवळ्या वायरीतून अपस्केल केलेलं चित्र येऊच शकत नाही, ती वायर ५७६ ओळींच्या जुन्या ॲनालॉग चित्राच्या पुढे जात नाही. लाल-हिरव्या-निळ्या कंपोनंट वायरीतून थोडं बरं येतं, पण कॉपी-संरक्षण असलेली बाजारातली डिस्क असेल तर तिथेही प्लेयर साधारण ५७६पीलाच थांबतो, त्यापुढचं फक्त एचडीएमआयवर. म्हणजे पिवळ्या वायरीवर अपस्केलिंगचे पैसे फुकट गेले.

पिवळ्या वायरीवरच राहायचं असेल, टीव्हीला दुसरं तोंडच नसेल, तर दोन गोष्टी. चित्र काळं-पांढरं येत असेल तर बघा की पिवळी पिन हिरव्या सॉकेटात गेलीय का, बऱ्याच टीव्हींत ते सॉकेट दोघांत मिळून असतं आणि सोर्समध्ये 'एव्ही'च्या जागी 'कंपोनंट' निवडलेलं असलं की रंग उडतो. आणि चित्र उभं-आडवं फाटत असेल नाहीतर अचानक काळं झालं असेल तर मुलांनी रिमोटवरचं 'पी-स्कॅन' नाहीतर 'व्ही-मोड' बटण दाबलंय, डिस्क बाहेर काढा आणि तेच बटण एकेकदा थांबून थांबून दाबा, परत येईल. नवीन पातळ टीव्हीत तीन पिनांच्या जागी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची वायर टीव्हीसोबत आलेलीच वापरा, बाजारातल्या सगळ्या दिसायला सारख्या असल्या तरी आतली जोडणी वेगळी असते.

चित्र येतंय, पण धुरकट

भारतातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र असतं ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फुल एचडी टीव्हीचे पिक्सेल १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून बघा, बरोबर पाच पट येतं. म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या दर पाच पिक्सेलांतला एकच डिस्कमधला आणि चार मशीनने शेजारचे बघून अंदाजाने भरलेले. ४के टीव्ही असेल तर हाच हिशोब वीस पट होतो. अपस्केलिंग म्हणजे पाहुणे वाढले म्हणून हुमणात (माशांच्या कालवणात) पाणी घालणं, ताटं भरतात पण वाटण काही वाढत नाही. चांगला प्लेयर हे काम नीटनेटकं करतो, वाईट प्लेयर गुठळ्या करतो, पण डिस्कमध्ये नसलेला चेहरा कोणीच आणू शकत नाही.

आणि टीव्ही केवढा झालाय ते पण बघा की. जुना एकवीस इंची होता, आता त्रेचाळीस इंची आहे, कर्ण दुप्पट वाटला तरी स्क्रीनचं क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त झालं, आणि सोफा मात्र तिथेच. नुसतं तीन-चार फूट मागे बसलं तरी अर्धी तक्रार जाते. हे कोणाला सांगितलं की रागावतात, पण खरं आहे.

आता एक गोष्ट बरेच जण विसरतात की टीव्ही स्वतःसुद्धा अपस्केल करतो. त्याला करावंच लागतं, नाहीतर चित्र मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल. म्हणजे काम एकच आणि करणारे दोन, प्लेयर करू शकतो किंवा टीव्ही करू शकतो. तुमचा टीव्ही बऱ्यापैकी आणि प्लेयर अगदी स्वस्तातला असेल तर बऱ्याचदा टीव्हीच ते जास्त चांगलं करतो. म्हणून प्लेयर आधी १०८०पीला लावा, एक ओळखीचा सीन बघा, मग ५७६पीला लावून तोच सीन बघा. चेहरे बघू नका, चेहऱ्यांवर डोळा फसतो, श्रेयनामावलीतली अक्षरं बघा, तिरप्या रेषा बघा, नऊवारीचे काठ, देवळातल्या दीपमाळेच्या कडा, कॅमेरा फिरताना जिन्याच्या पायऱ्या. जिथे कडा कमी थरथरतात ते ठेवा. १०८०आयवर शक्यतो ठेवू नका, तिथे प्लेयर चित्राच्या ओळी परत एकआड एक करतो आणि टीव्हीला त्या परत जुळवाव्या लागतात, दुहेरी मेहनत आणि चित्र थरथरतं. आणि 'एचडी रेडी' म्हणून विकलेल्या बत्तीस इंचीवाल्यांनी लक्षात ठेवा की त्यांचा पॅनल बहुतेक १३६६ बाय ७६८ चा असतो, ७२०पी नाही आणि १०८०पी पण नाही, त्यामुळे प्लेयरने काहीही पाठवलं तरी टीव्ही ते परत ताणणारच, तिथे तर ५७६पी करून बघाच.

मग टीव्हीचा मेनू. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तर तो दुकानात चमकायला असतो, घरात 'सिनेमा' नाहीतर 'स्टँडर्ड' करा. 'शार्पनेस' लोक वाढवतात, वाटतं धुरकट आहे तर तीक्ष्ण करूया, पण त्याने तपशील वाढत नाही, कडेला फक्त पांढरी रेघ येते आणि डीव्हीडीतले चौकोनी डाग अजून उठून दिसतात. शार्पनेस कमी करा, अगदी खाली आणून मग हळूहळू वर न्या. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे कमी करणारी सोय) मात्र डीव्हीडीला थोडं ठेवायला हरकत नाही. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, खालच्या ओळीतली अक्षरं अर्धी जात असतील तर एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' नाहीतर 'फिट टू स्क्रीन' असा पर्याय शोधा, १०८०पी पाठवत असाल तर तो चालू करा.

चाल अडखळत असेल, म्हणजे कॅमेरा फिरताना चित्र दर सेकंदाला झटके देतं, तर ते अपस्केलिंगचं नाही. प्लेयरच्या सेटअपमध्ये 'टीव्ही सिस्टम' एनटीएससीला, म्हणजे अमेरिकेकडच्या पद्धतीला, अडकलंय. आपल्या लग्नाच्या आणि नाटकांच्या डिस्का पालमध्ये, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्लेयर त्या ओढून-ताणून ६० हर्ट्झच्या साच्यात बसवतो. ते 'ऑटो' नाहीतर 'मल्टी' करा, झटके जातात. हा उपाय इतका सोपा आहे आणि इतक्या कमी जणांना माहीत असतो की मला दर वेळी नवल वाटतं.

जाडी माणसं आणि चारही बाजूंनी काळं

प्लेयरच्या मेनूत 'टीव्ही टाइप' असतो: ४:३ पॅन-स्कॅन, ४:३ लेटरबॉक्स, १६:९. खोक्यातून काढल्यावर तो बऱ्याचदा ४:३ वरच असतो, म्हणजे जुन्या टीव्हीचा. रुंद पडद्यावर तो तसाच ठेवला की पॅन-स्कॅनमध्ये चित्राच्या बाजू कापल्या जातात, लेटरबॉक्समध्ये वर-खाली काळे पट्टे येतात, शिवाय त्या पट्ट्यांत ओळी वाया जातात, आधीच ५७६ आहेत त्यातल्या. १६:९ करा. उलट जुन्या संगीत नाटकाचं नाहीतर नव्वदच्या लग्नाचं रेकॉर्डिंग ४:३ मधलंच असतं, ते ताणून पडदा भरायला गेलं की नायिका जाडी आणि तबला पाटासारखा दिसतो. तिथे टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ करा आणि दोन्ही बाजूंचं काळं सहन करा, काय बिघडतं त्याने. चारही बाजूंनी काळी चौकट दिसली तर डिस्क जुन्या पद्धतीने बनवलीय, टीव्हीचं 'झूम' वापरा, थोडं अजून धुरकट होईल पण बघण्यासारखं मोठं होईल.

आणि कधी कधी डिस्कच मूळची गरीब असते हे मान्य करायला हवं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, फुल एचडीवर ते वीस पटीने ताणलं जातं, त्याला कुठलाही प्लेयर वाचवू शकत नाही. मोझर बेअर कंपनीच्या २८ रुपयांच्या व्हीसीडी आणि ३४ रुपयांच्या डीव्हीडी आठवत असतील, दोन्हीत सहा रुपयांचा फरक पण चित्रात चौपट. तीन सिनेमे एकाच डिस्कवर कोंबलेल्या डीव्हीड्यांचंही तसंच, साध्या डिस्कमध्ये जागा ४.७ जीबी, दुहेरी थराच्या डिस्कमध्ये ८.५, त्यात तिघांना वाटून दिली की प्रत्येकाच्या वाटणीला दाणेदार चित्र. व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडी करून आणलेलं लग्न असेल तर कॅसेटएवढंच दिसणार.

आवाज नाही एवढं सांगून टाकतो. चित्र आहे, आवाज नाही, आणि तेही काहीच डिस्कना: ऑडिओ 'बिटस्ट्रीम' नाहीतर 'रॉ' वर आहे आणि डिस्कमध्ये डीटीएस (सिनेमाच्या आवाजाची एक पद्धत) ट्रॅक आहे जो टीव्हीला कळत नाही. 'पीसीएम' करा नाहीतर डिस्कच्या मेनूत दुसरा ट्रॅक निवडा.

अडकणारी डिस्क आणि आपला पाऊस

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, तेव्हा कपाटातल्या चपलांना बुरशी येते तशी ती डिस्कनाही येते आणि लेन्सवरही ओलसर थर बसतो. चित्रात चौकोन पडतात, मग अडकतं. इथे परत एक परीक्षा: दर वेळी त्याच जागी अडकत असेल तर डिस्क, वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या डिस्कांवर अडकत असेल तर लेन्स. सिनेमाच्या मध्यावर एकदाच क्षणभर थांबून पुढे जात असेल तर काहीच बिघडलेलं नाही, दुहेरी थराच्या डिस्कमध्ये लेझर एका थरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा तसं होतं.

व्हीसीडी आणि गाण्यांच्या सीडी चालतात पण डीव्हीडी लावली की 'नो डिस्क', हे ऐकून गोंधळू नका. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा, एक थकला म्हणजे दुसरा थकला असं नाही. आधी लेन्स कोरड्या मऊ कपड्याने किंवा कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून अगदी हलक्या हाताने पुसा, प्लेयर तासभर रिकामाच चालू ठेवा म्हणजे आतल्या उबेने ओल जाते, आणि तरीही नाही झालं तर लेझर युनिट गेलंय. ते बदलायला जेवढे घेतात त्यात थोडी भर घातली तर नवीन स्वस्तातला प्लेयर येतो, इथे मात्र मी सांगेन की नवीनच घ्या.

डिस्क पुसताना मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा पडला तर तो माहितीच्या ओळीवरच लांब पसरतो. लग्नाच्या स्टुडिओवाल्यांनी डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागद चिकटवलेला असतो ना, तो दिसायला छान पण पावसात ओल धरतो, डिस्क जराशी वाकते आणि फिरताना डगमगते. तो ओढून काढायला जाऊ नका, वरचा थर सोलून येईल. त्यापेक्षा कोरड्या दिवसांत लवकर कॉपी करून ठेवा.

घ्यायचाच असेल तर

दुकानात काय बघायचं? मागे एचडीएमआय आहे का, १०८०पी लिहिलंय का, रिमोटवर रिझोल्यूशनचं वेगळं बटण आहे का (हे नसलं की काळ्या स्क्रीनवर तुम्ही आंधळे), आणि पुढे आकडे दाखवणारा छोटा डिस्प्ले असेल तर सोन्याहून पिवळं, टीव्ही काळा असला तरी प्लेयर काय करतोय ते कळतं. स्वतःची एक कठीण डिस्क सोबत न्या, ओरखडेवाली घरची डीव्हीडी, आणि तिथेच लावायला सांगा. दुकानातली डेमो डिस्क कुठल्याही मशीनवर सुंदरच दिसते. बजेट थोडं ताणता येत असेल तर ब्लू-रे प्लेयर बघा, ते डीव्हीडीही वाचतात आणि त्यांचं अपस्केलिंग बहुधा जास्त चांगलं असतं, तुम्हाला ब्लू-रे डिस्क एकही घ्यायची नसली तरी.

घरातलं कोणी आखातात, लंडनला, लिस्बनला नाहीतर बोटीवर असेल आणि तिथून प्लेयर किंवा डिस्का आणणार असेल, तर रिजन (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी याचा आकडा) बघा. भारत रिजन ५, आखात आणि युरोप रिजन २, अमेरिका रिजन १. तिथला प्लेयर इथे विकत घेतलेली रिजन ५ ची डिस्क नाकारू शकतो, आपल्या लग्नाच्या डिस्कांना मात्र रिजन नसतो. दुकानात 'सगळे रिजन चालतात' म्हणाले तर चालवून दाखवायला सांगा. अमेरिकेहून आणला असेल तर प्लग लावायच्या आधी मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा, नुसतं ११०-१२० असेल तर आपल्या २३० ला धूर निघेल.

यूएसबीचं तोंड असतं त्यावर फार विसंबू नका. स्वस्त प्लेयर पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये (फॉरमॅट करायची एक जुनी पद्धत) असेल तरच वाचतात, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही, आणि मोबाईलवरचे एमपी४ व्हिडिओ बरेचसे चालतच नाहीत. ते थेट टीव्हीच्या यूएसबीला लावा.

आणि लग्नाच्या, मुंजीच्या, नाटकाच्या ज्या डिस्का दुसरीकडे कुठेच नाहीत, त्यांची कॉपी मात्र प्लेयर चालतोय तोवरच करा. डिस्क ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर दिसतं, त्यात एकेक जीबीच्या व्हीओबी फाइली, तेच पूर्ण फोल्डर हार्डडिस्कवर जसंच्या तसं ठेवा, काही रूपांतर न करता. मग टीव्हीवर बघायला हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरने एमपी४ करा, त्यात डीइंटरलेस (एकआड एक ओळी जुळवणं) चालू ठेवा, आणि आकार मूळचाच ठेवा, १०८०पी करायच्या मोहात पडू नका, ते टीव्ही करेल. डिस्क मधेच वाचली जात नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाला न जमलेली डिस्क दुसरा सहज वाचतो असं होतं. हे काम डिसेंबर ते मार्च उरकून घ्या, आणि मूळ डिस्का नंतर प्लास्टिकच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून उभ्या ठेवा, औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या चालतात.